एकाच लॉटचं घर

माझ्या घरात पहिल्यांदा आलेला माणूस आपोआप आवाज खाली आणायचा. रस्त्यावरून फोनवर ओरडत येणारे बिल्डरसुद्धा उंबरठा ओलांडला की हळूच 'वा' म्हणायचे. मला त्याचा भारी अभिमान होता. आज सांगताना लाज वाटते, पण होता, आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

मी विशाखा मुसळे. बावीस वर्षं कोल्हापुरात लोकांची घरं सजवते आहे. या धंद्यात एक जुनं दुखणं आहे. हॉल कुठल्याशा मासिकात पाहिलेला, स्वयंपाकघर जावेपेक्षा सरस असावं म्हणून लाल, मुलाची खोली निळी आणि देवघरात सासूबाईंच्या हट्टाची सोनेरी महिरप. घराला एक सूर हवा, हे मी घसा फोडून सांगायचे. लोक माना डोलवायचे आणि पुढच्या दिवाळीत जांभळा सोफा आणायचे. म्हणून प्रसन्न इंगळे त्याची रंग बदलणारी फिल्म घेऊन माझ्याकडे आला, तेव्हा मला आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन असं झालं.

प्रसन्न पदार्थविज्ञानातला माणूस. त्याची फिल्म कागदाइतकी पातळ. तिच्या पोटात डोळ्यांना न दिसणाऱ्या लाखो कुप्या, आणि प्रत्येक कुपीत विद्युतभार असलेले रंगाचे कण. ठरावीक विद्युतदाब दिला की हवे ते कण वर येतात, बाकीचे तळाशी जातात. एकदा रंग बसला की वीज लागत नाही. पुस्तकं वाचायच्या इलेक्ट्रॉनिक पाट्यांमध्ये हे तंत्र जुनंच होतं. प्रसन्ननं ते भिंतीवर, दारावर, कपाटावर, फ्रिजवर आणि पडद्याच्या धाग्यात आणलं. म्हणजे सोफा कुठल्याही रंगाचा आणा, घर त्याला आपल्यात ओढून घेणार.

पण आम्ही दोघांनी मिळून केलेली खरी करामत पुढे होती. छतात बसवलेले बारीक संवेदक माणसाची नजर कुठे अडते, पाऊल कुठे रेंगाळतं, श्वास कुठे वाढतो हे टिपायचे. आमचा सिद्धांत सोपा होता. विजोड गोष्टींपाशी नजर अडखळते आणि प्रत्येक अडखळण्याला मेंदूची थोडी शक्ती जाते. ती वाचवली तर माणूस निवांत होतो. तेव्हा घरात कुणाला ताण आला, की यंत्रणेनं त्या जागेचा वेगळेपणा थोडा कमी करायचा. एका दिवसात डोळ्यांना कळणारही नाही इतका थोडा. दोनशे घरांत चाचणी घेतली. बहुतेकांचा रक्तदाब उतरला, झोप सुधारली. ते आकडे खोटे नव्हते. यंत्रणेचं नाव आम्ही 'सलग' ठेवलं आणि गिऱ्हाइकांना दाखवायचा नमुना म्हणून माझ्याच फ्लॅटला बसवली.

फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच, मी आणि माझे वडील. मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही, आणि आई गेल्यावर अण्णा इचलकरंजीचं घर बंद करून माझ्याकडे आले. वय चौऱ्याहत्तर. सदतीस वर्षं कापड रंगवायच्या प्रोसेस हाऊसमध्ये डाईंग मास्तर. कापडाचे दोन तुकडे उन्हात धरून, यातला एक सकाळी रंगवलेल्या लॉटचा आणि एक दुपारच्या लॉटचा, असं सांगणारा माणूस.

'सलग' सुरू झाली त्या दिवशी अण्णांनी भिंतीवरून हात फिरवला, दारावरून फिरवला, मग कपाटावरून.

"शेड झकास बसलीया," ते म्हणाले. "पन विशे, आख्खं घर एकाच लॉटचं कशाला गं?"

"नजरेला त्रास होऊ नये म्हणून."

"ठाण विकायचं असलं तर ठीक हाय. हितं ऱ्हायचंय न्हवं?"

मी हसले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना हा विनोद मी बरेच दिवस सांगत होते.

सुरुवातीचे तीन-चार महिने छान गेले. मग अण्णा पॅसेजमध्ये उभे दिसायला लागले. हातात टॉवेल, आणि समोर एका रांगेत पाच दारं. मी विचारलं की म्हणायचे, "काय न्हाई, पाय मोकळं करतोय." एकदा चहाचा कप धुवायला घेऊन माझ्या झोपायच्या खोलीत आले. एकदा स्वतःच्या खोलीबाहेरून हाक मारून विचारलं, "आत कोन हाय?" आत कुणीच नव्हतं.

मग तो रविवार आला. साताऱ्याचे एक बिल्डर सपत्नीक घर बघायला आले होते. सहाशे फ्लॅटच्या वसाहतीचं काम होतं. मी हॉलमध्ये उभी राहून सांगत होते की बघा, दार कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते हे कळत नाही. त्याच वेळी अण्णा पॅसेजमध्ये आले. घाईत होते. त्यांनी एक दार उघडलं, मिटलं, दुसरं उघडलं, आणि मग माझ्या साड्यांचं भिंतीतलं कपाट उघडून ते आत वळले. कसला आवाज येतोय हे आम्हा तिघांनाही कळलं. बिल्डरच्या बायकोनं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

पाहुणे गेल्यावर मी अण्णांना बोलले. म्हटलं, "लहान पोर आहात का तुम्ही? माझी अब्रू घालवलीत." ते बिछान्यावर बसून आपल्या तळहातांकडे बघत होते. जन्मभर ज्याच्या नजरेवर गावातले मालक विसंबले, त्या माणसानं 'मला मोरीचं दार सापडत नाही' असं लेकीला कसं सांगायचं? पण हे मला तेव्हा सुचलं नाही. मला फक्त राग आला होता.

त्यानंतर चिंध्या सुरू झाल्या. अण्णांनी आपलं जुनं धोतर फाडलं आणि त्याच्या पट्ट्या दारांच्या मुठींना बांधल्या. पट्टीला गाठी मारलेल्या, कुठे एक, कुठे जास्त, कुठे एकही नाही. माझ्या त्या नितळ पॅसेजमध्ये पाच मळकट चिंध्या! मी सोडल्या. दुसऱ्या दिवशी परत बांधलेल्या.

"अण्णा, हे काय आहे?"

"खूण हाय ती."

"कसली खूण?"

"मला कळती, बास झालं."

मी परत सोडल्या. त्यांनी परत बांधल्या. महिनाभर आमचं हेच चाललं होतं, आणि शेवटी मी त्यांना डॉक्टर शेणोलीकरांकडे नेलं.

डॉ. शेणोलीकर विसरभोळ्या म्हाताऱ्यांसाठी 'सांजवात' नावाचं निवासी केंद्र चालवत. बाई हुशार, कामाला वाघ, आणि आमच्या मोठ्या ग्राहक. केंद्राच्या तिन्ही मजल्यांवर 'सलग' मीच बसवली होती. त्यांनी अण्णांना आकडे विचारले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, आणि मला घरातल्या वागण्याचा तक्ता भरायला दिला. मी त्यात माझ्या अक्षरात लिहिलं, 'निरर्थक गाठी मारणे, रोज पाच-सहा वेळा. कारण सांगता येत नाही.'

"विस्मरणाची सुरुवात आहेच," डॉक्टर म्हणाल्या. "पण हे एकच काम पुन्हापुन्हा करणं पुढच्या पायरीचं लक्षण असतं. विशाखाताई, घरी तुम्ही एकट्या. इथं माणसं शांत राहतात. तुमच्या भिंती लागल्यापासून कुणी भटकतसुद्धा नाही."

ते वाक्य मी आमच्या माहितीपत्रकात छापलं होतं.

अण्णांना सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं की चिडतील. ते म्हणाले, "तू सांगशील तसं." जायच्या दिवशी सकाळी उठून त्यांनी पाचही दारांना पुन्हा पट्ट्या बांधल्या आणि मग चपला घालून गाडीत बसले. त्या पट्ट्या सोडवायचा मला काही धीर झाला नाही.

दहा-बारा दिवसांनी रसूलचाचा आले. हे अण्णांच्या हाताखाली तीस वर्षं रंगाच्या भट्टीवर होते. हातात भडंगाची पिशवी. अण्णा घरी नाहीत हे ऐकून त्यांचा चेहरा पडला. पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाळ, जरा मोरी कुठं हाय?"

मी हात केला. चाचा पॅसेजमध्ये गेले आणि दाराच्या पट्टीशी वाकले. मग मोठ्यानं हसले.

"आरं तिच्या! मास्तरनी घराचं प्रोसेस हाऊस केलंय की!" एक गाठ असलेलं दार उघडून ते बिनचूक मोरीत गेले.

बाहेर आले तेव्हा मी तिथंच उभी होते. विचारलं, "चाचा, तुम्हाला कसं कळलं?"

"त्यात काय कळायचं? कोरं कापड सगळं सारखंच दिसतंय बघ. कुठलं धुवायचं, कुठलं भट्टीत घालायचं, कुठलं तयार झालं, वळखायचं कसं? त्यात वाफ अशी, की हाताला हात दिसत न्हाई. मग मास्तर कोपऱ्याला चिंधी बांधायचं. एक गाठ धुलाईची. दोन गाठी भट्टीच्या. तीन म्हंजे काम संपलं, घडी घालून ठेवा. आंधारातबी बोटाला कळतंय."

मी दारं तपासली. मोरीला एक गाठ. स्वयंपाकघराला दोन. अण्णांच्या झोपायच्या खोलीला तीन. माझ्या खोलीच्या आणि साड्यांच्या कपाटाच्या पट्टीला एकही गाठ नव्हती, म्हणजे इकडे यायचं नाही.

डाईंग मास्तरची मुलगी असून मला हे ठाऊक नव्हतं. पोरींनी भट्टीकडे फिरकायचं नाही असा आमच्याकडे दंडक, आणि मोठी झाल्यावर मी कधी विचारलं नाही. माझ्या बापाचं डोकं शाबूत होतं. निदान एवढं शाबूत होतं, की घरानं काढून घेतलेली वाट त्यांनी स्वतःच्या हिकमतीनं परत बांधली होती. आणि मी ती रोज सोडत होते. चाचांसमोर मी रडले. ते बिचारे भडंगाची पिशवी माझ्यापुढे करत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रसन्नच्या कचेरीत जाऊन माझ्या घराच्या वर्षभराच्या नोंदी मागितल्या. त्यानं पडद्यावर आलेख काढला. निळी रेघ अण्णांचा ताण, लाल रेघ दारादारांतला फरक. निळी वर जात होती आणि लाल खाली.

"हे बघ," प्रसन्न म्हणाला.

कळायला फार डोकं लागत नव्हतं. अण्णा दारापाशी अडखळले की यंत्रणेला वाटे, इथं काहीतरी नजरेला खुपतंय. मग ती दार आणखी भिंतीसारखं करायची. त्यानं ते आणखी अडखळायचे. ती आणखी पुसायची. आम्ही सांगितलेलं काम ती इमानेइतबारे करत होती.

मेंदूत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. त्यातल्या काही पेशी फक्त ठरावीक जागी जाग्या होतात. एक मोरीपाशी, एक खिडकीपाशी. त्यांच्या जोरावर आपण घरात न बघता फिरतो. पण त्यांना खुणा लागतात. उंदराला एकसारख्या दिसणाऱ्या खोल्यांत सोडलं, तर त्याच पेशी प्रत्येक खोलीत जाग्या होतात. त्याच्या मेंदूच्या लेखी सगळ्या खोल्या एकच. तरुण माणूस पावलं, वळणं, आवाज यांवरून निभावून नेतो. ज्याची आठवण आधीच विरायला लागली आहे, त्याला भिंतीवरचा डाग आणि लाल पायपुसणंसुद्धा आधार असतं. हे सगळं प्रसन्नला माहीत होतं. वाचलं असतं तर मलाही कळलं असतं. आम्ही दोघांनी फक्त रक्तदाब मोजला.

"दुरुस्त करता येईल," प्रसन्न म्हणाला. "साठीच्या पुढचं कुणी घरात असेल तर दारांचा फरक कमी होऊ द्यायचा नाही. एका अपडेटचं काम आहे. गुपचूप पाठवून देऊ."

"आणि लोकांना काय सांगायचं?"

"काही सांगायचं कशाला? विशाखा, सहाशे फ्लॅटचं काम हातात आहे. आपल्यामुळे कुणाचा बाप वेडा ठरला असं तूच ओरडत सुटलीस, तर संपलंच सगळं."

मी हो म्हटलं नाही. पण नाहीसुद्धा म्हटलं नाही.

'सांजवात'मध्ये मी डॉक्टरांना अर्धीच गोष्ट सांगितली. म्हटलं, एक नवा नमुना आहे, तळमजल्यावर तीन दिवस करून बघू. त्यांनी विश्वासानं परवानगी दिली. तळमजल्यावर अण्णा धरून बारा जण होते. सगळे भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसलेले. स्वच्छ, शांत. अण्णाही. मी त्यांच्या पायांशी बसले तेव्हा त्यांनी माझ्याकडे सौजन्यानं पाहिलं आणि म्हणाले, "बसा की वर, ताई."

मी फोनवरून रंग बदलले. माझ्या सगळ्या शिक्षणाला काळिमा लागेल असे. एक दार हळदीचं पिवळं, एक गुलाबी, एक गडद हिरवं. संडासाचं दार भडक निळं. जेवणाच्या खोलीच्या भिंतीवर लाल पट्टे. बघून माझेच डोळे दुखले.

पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गोदाक्का नावाच्या आजी उठल्या, निळं दार उघडून आत गेल्या, बाहेर आल्या आणि आपल्या खुर्चीवर बसल्या. परिचारिका तोंडाला हात लावून बघत राहिली. आठ महिन्यांत त्या एकट्या गेल्या नव्हत्या. अण्णा लाल पट्ट्यांच्या भिंतीपाशी गेले आणि बराच वेळ नख लावून रंग पक्का आहे का ते बघत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तर दारातच रडण्याचा आवाज. सात जण केंद्राच्या मुख्य दाराशी जमले होते. गोदाक्का काचेवर थापा मारत होत्या. "माझं घर कुटं हाय? मला हितं का ठिवलंय?" एक निवृत्त हेडमास्तर प्रत्येकाला मुलाचा नंबर लावून द्या म्हणून विनवत होते. ही माणसं आता जागी झाली होती, आणि आपण आपल्या घरी नाही आहोत हे त्यांना कळलं होतं.

डॉ. शेणोलीकर धावत आल्या. त्यांचे केस विस्कटले होते.

"हे काय केलंत तुम्ही? शांत होती हो ही माणसं! माझ्याकडे दोन परिचारिका आहेत. आत्ताच्या आत्ता होतं तसं करा."

मी फोन हातात घेतला. एक बटण दाबलं असतं तर तासाभरात सगळे परत खुर्च्यांवर जाऊन बसले असते. डॉक्टरांना काही कळलं नसतं, प्रसन्नचं अपडेट पुढच्या आठवड्यात गुपचूप गेलं असतं, आणि मी अण्णांना घेऊन घरी गेले असते. खरं सांगते, मला ते करावंसं वाटलं.

"विशे."

अण्णा हळदीच्या दारात उभे होते. ती त्यांची खोली होती. सदऱ्याची बटणं नीट लावलेली, केस विंचरलेले. केंद्रात आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी मला नावानं हाक मारली होती. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला.

"हे काय आपलं घर न्हवं," ते म्हणाले.

"नाही, अण्णा."

"आजारी लोकांचं दिसतंय." त्यांनी आजूबाजूला नजर फिरवली. "मला हितं कुनी आनलं?"

डॉक्टर ऐकत होत्या. मी म्हणाले, "मी आणलं."

अण्णांनी हात सोडवून घेतला. झटकून नव्हे, सावकाश.

"का गं? मी काय केलं हुतं?"

ओठांवर येऊन गेलं, की तुमच्या भल्यासाठी. पण ते मी त्यांना शंभरदा सांगून झालं होतं. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं. दारं कशी पुसली जात होती, कुणी पुसली, का पुसली. कपाटातला रविवार. मी काय बोलले ते. रोज सोडलेल्या पट्ट्या. तक्त्यात मी काय लिहिलं ते, शब्दाला शब्द. रसूलचाचा काय म्हणाले ते. डॉक्टर भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला, पण त्यांनी मला थांबवलं नाही.

अण्णा मान खाली घालून ऐकत होते. मधे एकदा त्यांनी विचारलं, "म्हंजे मी येडा न्हवतो?"

"थोडं विसरत होतात. वेडे नव्हतात."

मला वाटलं, आता शिव्या देतील. द्याव्यात असंही वाटलं. दाराशी गोदाक्का काचेला डोकं टेकून हुंदके देत होत्या. अण्णांनी तिकडे बघितलं. प्रत्येक माणसावर नजर थांबवत बघितलं.

"ह्यास्नी सांगितलंस?"

"नाही."

"ह्यांच्या घरच्यास्नी?"

मी मान हलवली.

"मग हितं बसून काय करतीस?" अण्णा म्हणाले. "जा, सांग जा त्यास्नी."

माझी मान वर होईना. पण मी रंग तसेच ठेवून फोन पर्समध्ये टाकला, उठले, आणि गोदाक्कांपाशी जाऊन उभी राहिले.